पहिली खेप, मुंबई ते कोची

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
४ जानेवारी २०२६

ती. बाबा,
नमस्कार.

हे पत्र शैलावहिनीच्या मासळीच्या टोपलीतून येतंय, तेव्हा त्याला मांदेलीचा वास लागला तर दोष मला देऊ नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही सगळ्यालाच "हां, हां" म्हणता. चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी काढलेल्या तुमच्या कानांत त्यातलं काही पोचलेलं नसतं. ही बातमी मला "हां, हां"मध्ये घालवायची नाही.

तुमची नात पास झाली. इतके महिने सान्वीच्या बाजूला शिकवणारा कॅप्टन असायचा. आता ते संपलं. २७ तारखेला सकाळी ती पहिल्यांदाच नेहमीची को-पायलट म्हणून विमान नेणार आहे, मुंबई ते कोची. त्या दिवशी तिचा मुक्कामही कोचीलाच आहे.

मी तुम्हाला न विचारता त्याच विमानाची तीन तिकिटं काढली आहेत. तुमचं, नीलेशचं आणि माझं. तुम्ही कधी विमानात बसला नाहीत. पहिल्यांदा बसाल ते नातीच्या विमानात, असं माझ्या मनात आहे.

इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर पाहिलं. एक हजार साठ किलोमीटर आणि उड्डाणाला दीड तास, असं तिथे लिहिलंय. तिकिटावर मात्र नऊला सुटून अकराला पोचणार असं आहे. यातलं खरं कोणतं ते मला कळेना, म्हणून दोन्ही लिहिते.

एक सांगून टाकते. लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या गुजराती काकूंना मी म्हणाले, "मेरी बेटी प्लेन चलाती है." मग दिवसभर मला चैन पडेना. ती को-पायलट आहे, मी वाढवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वर जाऊन दुरुस्ती केली. त्या म्हणाल्या, "एक ही बात है ना, बेन. ढोकला खाके जाओ." मिरवावं तरी ते मला धड जमत नाही. तुम्ही या, म्हणजे दोघं मिळून मिरवू.

तुमची
मिनल


उत्तन
६ जानेवारी

चि. मिनल बाय,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. सान्वीचं वाचून बरं वाटलं.

मी त्या विमानात बसनार न्हाय. तू आन जावईबापूंनी पन त्यात बसू नये. तिकिटं परत करावी.

दीड तास आन दोन तास, मधला अर्धा तास कुठं जातो ते पोरीला विचारून कळव.

सुक्या वाकट्या शैलाकडे दिल्यात. पावसाळ्याला ठेव, एकदम खाऊन टाकू नको.

बाळाराम


इंद्रलोक
८ जानेवारी

ती. बाबा,

"बरं वाटलं." बर्फाचा दर उतरला तरी तुम्ही याहून जास्त लिहिता.

हे पत्र मी दोनदा फाडलं. एकदा फार कडू झालं होतं, एकदा फार गोड. आता जे आहे ते सरळ लिहिते.

मी दहा वर्षांची असताना तुमच्या बोटीवर चढायला फळीवर पाय ठेवला होता. तुम्ही मला काखेत धरून उचललंत आणि वाळूत ठेवलंत. "पोरींनी चढायचं नसतं." ते वाक्य मी विसरले नाही. नंतर तुम्ही मला कॉलेजात घातलंत, फीसाठी कधी कुरकुर केली नाहीत, हेही विसरले नाही. पण आज तुमच्या घरातल्याच एका मुलीच्या हातात सुकाणू आलंय. ते तुम्हाला सोसत नाही का? तिच्या हातातल्या विमानात बसायची भीती वाटते का? तसं असेल तर मला तसंच लिहा. वय झालं, गुडघे दुखतात, असली कारणं नकोत.

मी तुमच्यावर अन्याय करत असेन. मला तशी शंका आहेच. पण शंका आहे म्हणून न विचारता राहिले, तर ती माझ्या पोटात सडेल.

सान्वीला मी काही सांगितलेलं नाही. आजोबा येणार, असं ती धरून चाललीय.

मिनल


इंद्रलोक
१४ जानेवारी

ती. बाबा,

सहा दिवस झाले, उत्तर नाही. आज संक्रांत, म्हणून शैलावहिनीकडे तिळगूळ पाठवतेय.

ती आज दारात टोपली उतरवायच्या आधीच सुरू झाली. "काय लिवलंस गो बापाला? जाळं मांडीवर घेऊन बसतोय, सुई हातात हाय, पन टाका काय घालत न्हाय."

मी म्हटलं, "त्यांना सान्वीचं कौतुकच नाही."

तर ती माझ्यावर उखडली. "कौतुक न्हाय? अगो, सगल्या बंदरावर त्या पोरीचा फोटो फिरतोय! बर्फवाल्या भय्याला दाखवला, चर्चजवळ फादरना दाखवला. काल एक पापलेट घेणारा गिऱ्हाईक आला, त्याला पापलेटाआधी फोटो! मी बोलली, काका, माझा धंदा बसवशील तू."

बाबा, हे खरं असेल तर मला काहीच कळत नाही. फोटो सगळ्यांना दाखवायचा आणि विमानात बसायचं नाही? मी पहिल्या पत्रात घाई केली आणि दुसऱ्यात जास्तच बोलले. तुम्ही सांगा. मी ऐकेन.

मिनल


उत्तन
१६ जानेवारी

चि. मिनल बाय,

तिळगूळ मिळाला. दात जपून खाल्ला.

तू विचारलंस ते बरं केलंस. मला लिहायला दिवस लागले कारन हे आपल्या घरात कोनी कोनाला सांगत न्हाय. नुसतं पाळतात. मुलगे वाढताना आपोआप कळतं. तुला कोन सांगनार होतं?

माझा आजा आन त्याचा थोरला पोर एका बोटीतून गेले, ते आले न्हाय. घरात कमवनारा बाप्या उरला न्हाय. माझा बाप तेव्हा रांगत होता. त्यानंतर आजीने सांगून ठेवलं, एका बोटीत या घरचे दोघं जायचे न्हाय. तेव्हापासून ते चालू हाय. तुझा धाकूकाका माझा सख्खा भाऊ. जन्मभर आम्ही शेजारी शेजारी जाळी टाकली, एका ताटात जेवलो, पन त्याच्या बोटीवर मी दर्यात कधी गेलो न्हाय. तो माझ्या बोटीवर आला न्हाय. त्याच्या नव्या बोटीची पहिली खेप होती, सगळं गाव चढलं. मी किनाऱ्यावर उभा होतो. लोकांना वाटलं भावाभावांचं बिनसलं. त्याला ठाऊक होतं मी का उभा हाय.

तुला मी फळीवरून उचलली कारन मी बोटीवर होतो. "पोरींनी चढायचं नसतं" हे मी बोललो न्हाय, खाली वाळूत उभा धाकू बोलला. पन मी त्याला गप्प केलं न्हाय, हे पन खरं हाय.

सान्वीच्या हाताची भीती मला न्हाय. "बरं वाटलं" एवढंच लिहिलं कारन शैला दारात "आटपा, बस जाते माझी" करून वरडत होती.

अर्ध्या तासाचं तू काय कळवलं न्हाय.

बाळाराम


इंद्रलोक
१७ जानेवारी

ती. बाबा,

पत्र चार वेळा वाचलं. धाकूकाकांना मी पस्तीस वर्षं माफ केलेलं आहे आणि तुम्हाला उगाच धरून ठेवलं होतं, असं झालं. असो.

आधी अर्धा तास. सान्वीला विचारलं. ती म्हणते, दीड तास हा नुसत्या अंतराचा हिशोब. त्यात विमान धावपट्टीपर्यंत चाकांवर जातं ते नाही, आपला नंबर यायची वाट बघतं ते नाही, चढताना आणि उतरताना हळू असतं ते नाही. कधी खाली जागा नसेल तर वरच फेऱ्या मारत थांबावं लागतं. "आजोबांना सांग, अंतर नकाशावर असतं, वेळ बंदरात जातो," असं म्हणाली. बंदर हा तिचाच शब्द, माझा नाही.

आता तुमचा नियम. मी त्यावर खूप विचार केला आणि मला त्यात एक वाट सापडलीय. माझ्या लग्नात पंगतीत उभं राहून तुम्हीच म्हणाला होतात, "आता मिनल रत्नागिरीच्या घरची." सान्वी तर जन्मापासूनच नीलेशच्या घरची. मग तिचं घर वेगळं, तुमचं घर वेगळं. एका घरचे दोघं होतच नाहीत. नीलेशने आणि मी बसू नये, हे तुमच्या नियमात बसतं. पण तुम्ही तिच्या विमानात बसायला मोकळे आहात.

नीलेशला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बँकेत कशाला गेलीस? वकील व्हायचंस." मग म्हणाला, "सासरे ऐकणार नाहीत, पैज लाव."

मिनल


उत्तन
१९ जानेवारी

चि. मिनल बाय,

जावयांनी पैज जिंकली.

पोर कुठल्या घरची ते मला शिकवू नको. पंगतीत बोलायचं असतं ते बोललो. लग्नात सगळेच बाप तसं बोलतात.

हा नियम आजवर आपल्या घरच्या पुरुषांना होता, कारन बायका दर्यावर जात न्हवत्या. तुझ्या आईला तो कधी लागला न्हाय. तुला लागला तो त्या फळीवर एकदाच, तो पन माझी पोर म्हनून. सान्वी ही आपल्या घरातली पहिली बाई, जिला तो नाव नेनारी म्हनून लागतो. तिची नाव वेगळी, माझी वेगळी. हे मी बंदरावर चार माणसांत बोललो. धाकूच्या पोराने ऐकलं. तो म्हनाला, काका, म्हनजे सान्वीला तुम्ही आमच्यात धरली? मी बोललो, तुमच्यात न्हाय, तुमच्या पुढं.

तिच्या विमानात मी बसलो तर ती मला नेनारी झाली, मी गिऱ्हाईक झालो. तिकीट काढलं तर कोनीही गिऱ्हाईक होतो. बाय, ती माझी हाय, म्हनून मी तिच्या विमानात न्हाय.

आता पुढचं नीट वाच. नव्या बोटीची पहिली खेप लागते तेव्हा घरचं मानूस किनाऱ्यावर उभं लागतं. तांडेल, म्हनजे बोट चालवनारा, उतरला की पहिला शब्द त्या मानसाचा. मासळी किती मिळाली असं विचारायचं न्हाय. "दर्या कसा हाय?" एवढंच. तो म्हनतो, "सरळ हाय." मग बाकीचे बोलतात. हे खलाशाला कोनी विचारत न्हाय, तांडेलालाच विचारतात.

सान्वी अजून तांडेल न्हाय, तांडेलाच्या बाजूची हाय, ते मी समजतो. मी कॅप्टनलाच विचारीन. पन उभा ऱ्हाईन मी. तिच्या आधी पोचनारं दुसरं विमान बघ. जावई दुसऱ्या घरचा, तो माझ्याबरोबर चालेल. अंतर तेवढंच हाय ना? मंग मी आधी निघालो तर आधी पोचीन, एवढं गनित मला येतं.

तुझं तू ठरव.

बाळाराम


इंद्रलोक
२४ जानेवारी

ती. बाबा,

तुमचं पत्र हातात घेऊन मी बाल्कनीत बराच वेळ उभी होते. खाली सोसायटीत क्रिकेट चाललं होतं, कोणीतरी "अरे आउट है, आउट!" म्हणून भांडत होतं. मला कोणाला तरी हे पत्र वाचून दाखवायचं होतं. शेवटी सहाव्या मजल्यावर गेले आणि काकूंना त्याचं हिंदीत भाषांतर करून सांगितलं. या वेळी काही वाढवलं नाही. वाढवायची गरजच नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा ढोकळा दिला.

जुनी तिकिटं रद्द केली. तुमचं आणि नीलेशचं पहाटेच्या विमानाचं काढलंय. ते सान्वीच्या आधी दोन तास पोचतं. २६ला संध्याकाळी नीलेश रिक्षाने तुम्हाला घ्यायला येईल, आमच्याकडेच झोपा. उत्तनहून विमानतळ गाठायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात विमान गोव्याच्या पुढे गेलेलं असेल. जाळ्याची सुई खिशात ठेवू नका, तपासणीत काढून घेतील. सुके बोंबील न्यायचेच असतील तर दोन पिशव्यांत बांधा. लोकांवर दया करा.

मी येत नाही.

रागाने नाही. मी स्वतःला विचारलं, तुझा या नियमावर विश्वास आहे का? नाही. जिथे दोनशे माणसं बसतात तिथे मी बसल्याने काही होणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग का थांबतेस? त्याचं उत्तर मला आईत सापडलं. आई कधी किनाऱ्यावर यायची नाही. तुमची बोट बाहेर गेली की दारात बसायची आणि बोट परत लागेपर्यंत घरात केर काढायची नाही. मी कॉलेजात होते तेव्हा तिला हसायचे, "आई, समुद्राला काय माहीत तू झाडलंस की नाही?" ती म्हणायची, "त्याला कशाला कळायला पाहिजे? मला कळतं ना."

तिथे घ्यायला तुम्ही आहात. इथून सोडायला कोणीतरी पाहिजे. सान्वीच्या विमानात मी पुढे शंभरदा बसेन. पहिल्या खेपेला मला आईच्या जागी बसायचंय.

सान्वीला सगळं सांगितलं. आधी खूप हसली. "आई, अगं बाकीच्या दोनशे लोकांच्या घरी केर नाही काढत का?"  मग म्हणाली, "आजोबा खरंच तिथे उभे राहणार? माझ्यासाठी?"

मी म्हटलं, कॅप्टनसाठी. तू बाजूला उभी राहा.

मिनल


(पाकिटावर: आधी पोरीला दर्या कसा ते विचार, मग हे फोड.)

कोची
२७ जानेवारी

चि. मिनल बाय,
आशीर्वाद.

हे पत्र सान्वीच्या हातून येतंय. ती उद्या सकाळी विमान घेऊन परत निघेल, आम्ही दुपारच्या विमानाने. आज शैलाची टोपली न्हाय, तेव्हा वास येनार न्हाय. बोंबलांचा वास जावयांच्या कपड्यांना लागलाय, पिशवी त्यांच्याकडे होती.

आधी विमानाचं सांगतो. चाकांवर एवढं फिरवलं, मला वाटलं रस्त्यानेच नेतात की काय कोचीला. जावयांना म्हटलं, हा तुमचा अर्धा तास. मग उडालं. मला उजवीकडची खिडकी होती. ऊन वर आल्यावर किनारा दिसला. मी बोललो, तो जयगड. जावई बोलले, "बाबा, तो ढग आहे." असेल. तरुनपनी एका नाखव्याने इथून बोट विकत घेतली होती, ती आम्ही तिघांनी उत्तनला आनली. तेव्हा याच किनाऱ्याने आठवडाभर एकेक दीपगृह धरत आलो होतो. आज चहा संपला न्हाय तोवर अर्धा किनारा मागं गेला. एक हजार साठ किलोमीटर. तेव्हा पन तेवढंच होतं असनार, आम्हाला कोनी सांगितलं न्हवतं.

बाहेर येतात त्या दरवाजासमोर कठडा हाय. तिथं मी उभा राहिलो. जावई दोनदा म्हनाले, बसा, अजून वेळ आहे. मी बसलो न्हाय. पांढरा सदरा घातला होता, गळ्यात लाल रुमाल, तुझ्या आईने आनलेला. एक पोलीस आला. त्याची भाषा मला येत न्हाय, माझी त्याला येत न्हाय. जावयांनी इंग्रजीत सांगितलं, यांची नात विमान घेऊन येतेय. तर त्याने मला कठड्याच्या अगदी पुढं नेऊन उभं केलं आन स्वतः बाजूला थांबला.

जावयांनी बोर्ड वाचला, बोलले, उतरलं. मी तेव्हा कठडा दोन्ही हातांनी धरला. वय झालं, ते कारन तू चालवून घेनार न्हाय, पन लिहितो.

आधी सगळी गिऱ्हाइकं बाहेर आली. आपापल्या बॅगा ओढत, फोनवर बोलत. त्यांना काय ठाऊक कोनी आनलं. मग बऱ्याच वेळाने सान्वी आली. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, केस घट्ट बांधलेले. बाय, तुझी आई डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला निघायची तेव्हा मान अशीच ठेवायची. मी हाक मारली न्हाय. हाक मारायची नसते. नुसता रुमाल वर केला.

तिच्याबरोबर कॅप्टन. पिकल्या केसांची, उंच बाई. तांडेल पन बाईच, हे मला कोनी सांगितलं न्हवतं. मी हात जोडले आन हिंदीत विचारलं, "दर्या कैसा है, कॅप्टन साहेब?"

तिला कळेना. ती सान्वीकडे बघायला लागली. सान्वीने कानात काय ते सांगितलं. मग त्या बाईने मला नमस्कार केला आन म्हनाली, "बाबा, आज लैंडिंग मैंने नहीं किया. पूरा इसने किया. आप इससे पूछिए." आन दोन पावलं मागं सरकली.

मंग मी सान्वीकडे वळलो.

एवढी माणसं होती, गाड्यांचा आवाज होता, आन तुला माहीत हाय माझ्या कानांचं. पन मी विचारलं.

"दर्या कसा हाय?"

सान्वी सरळ उभी राहिली. माझ्या डोळ्यांत बघून म्हनाली, "सरळ हाय, आजोबा."

मला ऐकू आलं, बाय. पहिल्या खेपेला ऐकू आलं.

मंग मी कठड्यापासून बाजूला झालो. तांडेल उतरला की किनाऱ्यावरची माणसं बाजूला होतात, तसा. तिला आधी जाऊ दिलं, आन तिची बॅग घेऊन मी मागून चालत गेलो.

पुढच्या खेपेला किनाऱ्यावर तू उभी रहा. मी घरी थांबतो. केर काढनार न्हाय.

तुझा बाप
बाळाराम